दुसरी जाऊ बाजारात गेलीय

रोक्कालुंगा, ९ मार्च

प्रिय लोरेता,

तुम्ही दोघं बरे असाल असं धरून चालते. रेनातोचा गुडघा कसा आहे? समुद्राची दमट हवा गुडघ्याला मानवत नाही, हे तुम्ही सामान बांधत होतात तेव्हाच मी सांगितलं होतं. तेव्हा कोणी ऐकलं नाही. असो.

फोनच करणार होते, पण माझं नाव दिसलं की तू फोन कापतेस. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवणारी बाई तू.

इथे सगळं ठीक आहे. हिवाळ्यात गावात एकशे सत्तर माणसं उरली होती, आता बर्फ वितळतोय तशी एकेक परत डोंगरावर येतायत. वेशीच्या कमानीचा एक दगड निखळला, नगरपालिकेनं त्याभोवती लाल फीत बांधली आणि हात झटकले. उबाल्दो मास्तर अजून रोज साडेबाराला खानावळीत जेवायला येतात. अजून तीच खुर्ची, अजून तीच तक्रार, की या गावात शुद्ध बोलणारं कोणी उरलं नाही. जेरार्दाच्या भट्टीचा पाव रोज सकाळी येतो. फिओराव्हांते चीज आणतो आणि त्याच्या मेंढ्यांच्या प्रकृतीबद्दल अर्धा तास बोलतो. मला जानेवारीत ताप आला होता. तीन दिवस. आला तसा गेला. मास्तर रेनातोला फोन करतात हे मला माहीत आहे, म्हणून सांगून ठेवते: त्या तापाबद्दल कोणी काही सांगितलं तर ऐकू नकोस.

आता कामाचं. मे महिन्याच्या सोळा आणि सतरा तारखेला मिलानच्या एका खवय्यांच्या मंडळाची अडतीस माणसं येणार आहेत. सकाळी वेस, सांत'आन्नाच्या देवळातली भिंतींवरची चित्रं आणि जुन्या गल्ल्या बघणार, आणि दोन्ही दिवस दुपारी आपल्याकडे जेवणार. त्यांचा अध्यक्ष फोनवर म्हणाला, ‘‘आम्हाला पर्यटकांसाठी केलेलं नको, तुम्ही घरी जे खाता ते हवं.’’ मी म्हटलं, ‘‘घरी मी आदल्या दिवशीचं उरलेलं खाते. चालेल?’’ खूप हसला. मिलानची माणसं कशालाही हसतात.

त्यांना चिजाचे गोळे हवेत, ओरापीची रानभाजी घातलेल्या शेवया हव्यात, आणि मोठ्या हंड्यातलं मेंढीचं मटण हवं. मटण अडतीस माणसांचं. मला एक जोडी हात जास्त लागतील. तू चार दिवस ये. तुझी खोली कोरडी आहे, गादी मी उन्हात घातली आहे.

जेरार्दाच्या मुलीच्या लग्नात जे झालं त्याला नऊ वर्षं झाली. माणसं लढाया विसरतात. आपण तर एका घरात दिलेल्या दोन बायका.

बाहेरची पाटी मी बदललेली नाही. अजून ‘दोन जावा’ असंच लिहिलेलं आहे. येणारे पाहुणे विचारतात, ‘‘एक तुम्ही, मग दुसरी कुठाय?’’ मी सांगते, ‘‘बाजारात गेलीय.’’ नऊ वर्षं तू बाजारात गेलेली आहेस, लोरेता. काय एवढं आणायचंय?

उत्तर पाठव. रेनातोला आशीर्वाद.

तुझी थोरली जाऊ,
पाल्मिरा


रोक्कालुंगा, १४ एप्रिल

प्रिय लोरेता,

तुझं उत्तर पोचलं. महिन्यानं आलं आणि एका ओळीचं आलं: ‘ताई, तुमच्या हातांना काय झालं?’

माझ्या हातांना काहीही झालेलं नाही. कणीक अजून माझ्याइतकी पातळ कोणी लाटत नाही. परवा ईस्टरच्या सोमवारी साठ माणसं जेवली आणि मी एकटीनं जेवू घातली. एवढं सगळं नीट चाललेलं असताना तू थेट हातांबद्दल विचारलंस, म्हणजे मास्तरांनी तोंड उघडलेलं दिसतंय.

म्हणून जे झालं ते मीच लिहिते. त्यांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा बरं.

एक म्हणजे दूध करपलं. खीर करायला ठेवलं होतं, मी शेजारीच बटाटे सोलत होते. मास्तर बाहेरून ओरडत आत आले, ‘‘पाल्मिरा, घर जाळतेस काय?’’ वळून बघते तर पातेल्यातून काळा धूर. सर्दी झाली होती मला. जानेवारीच्या तापानंतर नाक जरा चोंदलेलं आहे, एवढंच. सर्दीत कोणाला वास येतो?

दुसरं ईस्टरच्या आधीच्या रविवारचं. बोलोन्याहून एक नवराबायको आली होती. चांगली माणसं, देवळातली चित्रं बघून आल्यावर दोघांचे डोळे भरलेले. त्यांना मी चिजाचे गोळे दिले. रोजच्यासारखा शिळा पाव भिजवला, चीज किसलं, अंडी फोडली, गोळे तळून टोमॅटोच्या रश्शात सोडले. मीठ रोजचंच, तीन चिमटी. त्यांनी दोन दोन घास खाल्ले, पाणी प्याले, ‘फार छान, फार छान’ म्हणाले आणि भरल्या ताटल्या तशाच ठेवून गेले. मास्तरांनी मात्र सगळं संपवलं. चार पेले पाणी प्याले आणि मग हळूच म्हणाले, ‘‘पाल्मिरा, आज मीठ कोणी घातलं?’’

फिओराव्हांते कोपऱ्यात वाईनचा पेला घेऊन बसला होता. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘‘मला काय विचारता? त्या म्हाताऱ्याला विचारा! यंदा चीज मिठाच्या पोत्यात झोपवून आणलंय त्यानं!’’

तो उठला. आपल्या पिशवीतून चिजाचा एक तुकडा काढला, चाकूनं कापला आणि माझ्यापुढे धरला. ‘‘घे. चाख. आणि सांग सगळ्यांना.’’

मी चाखलं. खारट आहे म्हणून सांगितलं.

त्यानं तुकडा परत पिशवीत टाकला, टोपी घातली आणि गेला. तेव्हापासून आलेला नाही. चीज आता मी खालून सुल्मोनाहून मागवते. ते चीज नव्हे, खोडरबर आहे.

एवढंच झालं. यात हातांचा काही संबंध नाही.

लग्नातल्या मटणाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, ते बरं केलंस. मटण खारट झालं, मी रागात दोन शब्द बोलले, तू मनाला लावून घेतलंस. स्वयंपाकघरात असं होतं. चुलीशी उभं राहून कोणी स्तोत्रं म्हणत नाही.

तू येतेस की नाही ते स्पष्ट कळव. येणार नसशील तर मी दुसरी बघते. बायका खूप आहेत.

पाल्मिरा

ता. क. नाहीत. कोणी नाही. तू ये.


रोक्कालुंगा, २९ एप्रिल

प्रिय लोरेता,

गेल्या पत्रात मी एक गोष्ट अर्धी सांगितली. ती पुरी करते.

फिओराव्हांतेनं मला चाखायला दिलेला तुकडा त्या दिवशीच्या चिजाचा नव्हता. तो होता गेल्या शरद ऋतूतल्या एका चकतीचा. ती चकती मी स्वतः त्याला परत केली होती, ‘आळणी आहे, मीठ घालायला विसरलास, तुझं लक्ष कुठे असतं’ म्हणून. तो ती बिचारा घरी स्वतःच खात बसला होता. तीच मी तोंडात घातली आणि बारा माणसांसमोर सांगितलं, खारट आहे.

तो जाताना दारात थांबला होता. हे मी लिहिलं नव्हतं. म्हणाला, ‘‘पाल्मिरा, तुझ्या तोंडाला चव नाही. माझ्या चिजाला नाव ठेवू नकोस, डॉक्टरकडे जा.’’ ओरडून बोलला असता तर परवडलं असतं. आजारी मेंढीशी बोलतो तसा बोलला.

मी सुल्मोनाला गेले. डॉक्टरीण तरुण आहे, पण नीट बघते. तिनं माझ्या नाकाशी एकेक बाटली धरली. कॉफी, लवंग, व्हिनेगर. मी प्रत्येक वेळी ‘पाणी’ म्हटलं. जिभेवर साखर ठेवली, मीठ ठेवलं. कधी टोकाला काहीतरी चुरचुरतं, कधी तेवढंही नाही. ती म्हणाली, ‘‘अशा तापानंतर होतं हे. काहींचं परत येतं, काहींचं येत नाही. तुम्ही काम काय करता?’’ मी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

तर असं आहे, लोरेता. साडेतीन महिने मी स्मरणशक्तीवर स्वयंपाक करतेय. कांदा झाला हे रंगावरून कळतं, तेल तापलं हे आवाजावरून. कणीक हाताला कळते. पण चिजाचा खारटपणा या आठवड्याला एक आणि पुढच्या आठवड्याला दुसरा. तो जिभेशिवाय कळत नाही. सकाळी कॉफी पिते तेव्हा गरम पाणी पितेय असं वाटतं. माझा एलिजिओ गेल्यापासून त्याच्या जुन्या कोटात मी कधीमधी नाक खुपसून बसायची, हे तुला माहीत नसेल. आता तो कोट नुसतं कापड आहे.

मी रडत वगैरे नाही. कामाला चुकलेली नाही. खानावळ एक दिवस बंद ठेवलेली नाही. पण अडतीस माणसांच्या मटणाचा हंडा मी एकटीनं उतरवू शकत नाही, आणि या गावात ज्या जिभेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन अशी एकच जीभ होती. ती पेस्कारात शाळेतल्या पोरांना पास्ता वाढतेय.

हे लिहिताना मला माहीत आहे तू काय म्हणत असशील. मी त्या दिवशी लग्नाच्या मांडवात, ऐंशी माणसांसमोर, तुझ्याकडे बोट करून म्हटलं होतं, ‘हिची जीभ मेलीय.’ ते शब्द मी विसरलेले नाही. त्याबद्दल तू आलीस की बोलू. पत्रात ते बसत नाही.

फिओराव्हांतेकडे जाऊन आले. वरच्या कुरणापर्यंत चढून गेले, या वयात. म्हटलं, ‘‘चूक झाली.’’ तो म्हणाला, ‘‘कोणाची?’’ म्हटलं, ‘‘माझी, बाबा, माझी.’’ म्हणाला, ‘‘मोठ्यानं बोल, मेंढ्यांनी ऐकलं नाही.’’ मग त्यानं ओरापी खुडून दिली. या वर्षी लवकर आलीय, मेंढवाड्याच्या भिंतीशी चांगली कोवळी.

चौदा तारखेला दुपारच्या बसनं ये. मी वेशीत असेन.

पाल्मिरा


रोक्कालुंगा, २ जून

प्रिय लोरेता,

तू गेलीस त्याला पंधरा दिवस झाले. त्यातल्या दहा संध्याकाळी मी हे पत्र सुरू केलं आणि उठून भांडी घासली. भांडी आता एवढी स्वच्छ आहेत की माझंच तोंड दिसतं.

आधी सोपं ते लिहिते. मंडळाच्या अध्यक्षाचं पत्र आलंय. पुढच्या वर्षी पन्नास माणसं आणतो म्हणतो. त्यांच्यातली ती लाल चष्म्याची बाई लिहिते की तिला वेशीपेक्षा, चित्रांपेक्षा मटण जास्त आठवतं. सांत'आन्नानं ते वाचलं नाही म्हणजे मिळवली. अध्यक्षानं शेवटी विचारलं होतं ना, ‘‘पाटीवरची दुसरी जाऊ कोण?’’ आणि मी म्हटलं, ‘‘ही. बाजारातून आत्ताच आली.’’ तू तेव्हा पहिल्यांदा हसलीस. चार दिवसांत एकदाच.

बाकीचे दिवस तू चमचा हातात घेऊन माझ्याशेजारी उभी होतीस. चाखायचीस आणि ओट्यावर बोटानं टकटक करायचीस. एकदा म्हणजे घाला, दोनदा म्हणजे पुरे. मी तुझ्या बोटाकडे बघून मीठ घालत होते. चाळीस वर्षं हातात पळी धरलेली बाई मी, आणि मला त्यात कमीपणा वाटला नाही. एवढं निर्धास्त मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मनात म्हटलं, झालं, मिटलं. आता जुनं काढायची गरज नाही. चार दिवसांत चारशे वेळा संधी होती आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. तूही काढलं नाहीस. मला वाटलं, तुलाही नकोच आहे.

मग बसपाशी तू पिशवी आत ठेवलीस, पायरीवर एक पाय ठेवलास आणि वळून म्हणालीस, ‘‘ताई, त्या दिवशी मी दारात होते. लिंबांची टोपली घेऊन. तुम्ही दोनदा घातलंत. मी पाहिलं.’’

मी काहीतरी म्हणणार होते.

‘‘मला वाटलं होतं, आज ना उद्या तुम्हीच बोलाल,’’ तू म्हणालीस, आणि ड्रायव्हरनं दार लावलं.

हो. मीठ मी घातलं होतं. दोनदा. हंडा तुझ्याकडे होता, मी फक्त येता जाता बघत होते. एकदा मूठभर घातलं, मागच्या अंगणात गेले, परत आले आणि पुन्हा घातलं. दुसऱ्यांदा हात हंड्यावर असतानाच मला आठवलं. मूठ उघडी झालेली होती. त्याच क्षणी सांगितलं असतं तर पाणी वाढवून, बटाटे टाकून काहीतरी करता आलं असतं. मी झाकण ठेवलं. वाढल्यावर जेरार्दाचा व्याही ताट सरकवून म्हणाला, ‘‘हे समुद्रात शिजवलंय काय?’’ सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी तुझ्याकडे बोट केलं.

आता तुला माहीत नाही ते. आदल्या दिवशी एलिजिओचा कागद हॉस्पिटलातून आला होता. तो माझ्या एप्रनच्या खिशात होता. त्याला मी सांगितलं नव्हतं, कारण लग्नात अकॉर्डियन तोच वाजवणार होता आणि त्यासाठी त्यानं पंधरा दिवस सराव करून बोटं झिजवली होती. मला वाटलं, एक दिवस त्याला मिळू दे. मागच्या अंगणात मी जात होते ती तो कागद पुन्हा वाचायला. दर वेळी वाटायचं की मी चुकीचं वाचलंय. नोव्हेंबरात तो गेला. तू मातीला आलीस, देवळात मागे उभी राहिलीस आणि त्याच बसनं परत गेलीस. तेव्हा तुला थांबवून सांगायला हवं होतं. मी विधवा झाले होते. मला वाटलं, आता मला कोणी काही विचारणार नाही. आणि खरंच कोणी विचारलं नाही.

कागदाचं लिहिलं ते सबब म्हणून लिहिलं नाही. कागदानं हात चुकला. बोट मी केलं. ते बोट कुठल्या आजारानं उचललं नव्हतं. ‘पाल्मिराच्या हातून मटण बिघडलं’ एवढं एक वाक्य मला ऐकवलं नसतं, म्हणून उचललं.

बस वळणाआड गेल्यावर मी तिथेच बाकावर बसून राहिले. सगळ्यांसमोर बोललेलं सगळ्यांसमोरच परत घ्यायला हवं, हे मला तिथे कळलं. एकट्या तुला पत्रात लिहून भागणार नव्हतं.

म्हणून चोवीस तारखेच्या रविवारी, मिसा संपून सगळे जेवायला आले, तेव्हा मी पळीनं झाकण वाजवलं. मास्तर होते, फिओराव्हांते होता, जेरार्दा आणि तिचा नवरा होता, आणखी पंधराएक माणसं. पाव टेबलांवर मांडलेला होता. मी म्हटलं, ‘‘सूप येतंय. त्याआधी ऐका. माझ्या तोंडाची चव जानेवारीत गेली.’’

फिओराव्हांते म्हणाला, ‘‘आता माझ्या चिजाचं सांग.’’

‘‘तुझ्या चिजात खोट नव्हती. पण मी उभी राहिले ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. जेरार्दाच्या ल्युचिल्लाच्या लग्नाचं मटण लोरेतानं खारट केलं नव्हतं. ते मी केलं. मला तेव्हाच माहीत होतं. मी तिच्यावर ढकललं.’’

जेरार्दा म्हणाली, ‘‘परत बोल.’’

मी परत बोलले. एक शब्द कमी केला नाही.

‘‘माझ्या पोरीच्या लग्नाचं,’’ ती म्हणाली. ‘‘मी आणि लोरेता शाळेत एका बाकावर बसायचो. ती माझ्या दारात आली होती, पाल्मिरा. रडत आली होती. म्हणाली, मी नाही केलं. मी तिला काय सांगितलं, माहितेय? म्हटलं, पाल्मिरा खोटं कशाला बोलेल?’’

मला हे माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस.

जेरार्दा उठली. आपली टोपली घेतली आणि एकेका टेबलावर जाऊन पाव उचलायला लागली. लोकांच्या हातासमोरचा, कापलेला, अर्धा तोडलेलासुद्धा. कोणी तिला थांबवलं नाही. माझ्या टेबलावरचा शेवटचा उचलला आणि म्हणाली, ‘‘तुझ्या शब्दावर मी नऊ वर्षं माझी मैत्रीण घालवली.’’ नवरा तिच्यामागून टोपी शोधत गेला.

मी आत गेले आणि सूप आणलं. दुसरं काय करणार? लोक बिनपावाचं सूप प्याले. मास्तर एवढंच म्हणाले, ‘‘बस, पाल्मिरा. तूही जेव.’’ मी त्यांच्या टेबलावर बसले. या घरात आल्यापासून जेवणाऱ्यांबरोबर बसायची ती माझी पहिलीच वेळ.

आठ दिवस भट्टीचा पाव आला नाही. मी स्वतः भाजला. तीनदा जळला, कारण ओव्हनचं दार उघडायची वेळ नाकाला कळते, घड्याळाला कळत नाही. गावात काहीजण नमस्कार करतात, काहीजण दगडांकडे बघत जातात. चालायचंच. मी केलं त्याची ही किंमत स्वस्तच आहे. काल सकाळी जेरार्दा दारात उभी होती. उंबरा ओलांडला नाही. म्हणाली, ‘‘तिचा नंबर दे.’’ मी दिला. ‘‘पाव उद्यापासून येईल,’’ म्हणाली. ‘‘मी यायची नाही.’’ तिचा फोन तुला आला असेलच. काय बोललात ते मला सांगू नकोस. ते तुमच्या दोघींचं आहे.

तू येताना रेनातोनं निरोप दिला होता की तुम्ही परत वर राहायला येणार नाही. मला पटलं. तुझी शाळा आहे, तिथली एकशे वीस पोरं तुझ्या हातचं खाऊन मोठी होतायत, खिडकीतून समुद्र दिसतो. तुला इथे माझ्याशेजारी चमचा धरून उभं करायचा मला हक्क नाही. माझं भागतंय. मास्तर आता रोज अर्धा तास आधी, बाराला येतात, चाखतात आणि पेपर तपासल्यासारखे गुण देतात. काल सूपला दहापैकी साडेसहा मिळाले. अर्धा कशाचा, विचारलं, तर म्हणाले, ‘‘प्रयत्नाचा.’’ फिओराव्हांतेचं चीज परत सुरू झालंय. तो प्रत्येक चकतीवर खडूनं लिहून आणतो, खारट, मध्यम, आळणी. त्याला लिहिता येतं हे गावाला आत्ता कळलं. मी खानावळ बंद करणार नाही. हात चालतायत, डोळे चालतायत, आणि आता मला विचारायला लाज वाटत नाही.

एकच मागणं आहे. पंधरा ऑगस्टला, देवीच्या सणाला, गाव भरतं. बाहेर गेलेले सगळे येतात. त्या लग्नात जेवलेले निम्मेअधिक असतील. तू आणि रेनातो या. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, एप्रन बांधायचा नाही. चौकात मधल्या टेबलावर बसायचं. मी हंड्यातलं मटण करीन, कोणाला न विचारता, माझ्या मापानं, आणि पहिलं ताट तुझ्यापुढे ठेवीन. जेरार्दा येईल, तू आहेस म्हटल्यावर नक्की येईल. सगळ्यांच्या आधी तू चाखायचं. आणि जसं असेल तसं सांगायचं. सौजन्य नको. आळणी असेल तर आळणी म्हण. खारट असेल तर खारट म्हण, आणि मोठ्यानं म्हण, शेवटच्या टेबलापर्यंत जाईल असं. मी ताटाशेजारी उभी असेन. आत जाणार नाही.

तुझी अपराधी,
पाल्मिरा